वहिनीचं दूध तोडू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, वहिनीच्या रक्तात हिवताप निघालाय म्हणून बाळाला दोन-चार दिवस गाईचं दूध द्यावं, असं तू काल फोनवर म्हणालीस. देऊ नकोस. बाळाला अंगावरच पाजू दे, आज रात्रीसुद्धा. हिवताप दुधातून जात नाही. तो ॲनोफिलिस डासाची मादी चावल्याने होतो, किंवा गरोदरपणात आईला झाला असेल तर कधीकधी वारेतून बाळात उतरतो. वरचं दूध, बाटली आणि पावसाळ्यातलं पाणी मिळून चार महिन्यांच्या बाळाला जुलाब लागले, तर आपण एक दुखणं टाळायला जाऊन दुसरं ओढवून घेऊ.

तापाच्या दिवसांत वहिनीला दूध कमी झाल्यासारखं वाटेल. घाम जातो, पाणी पोटात जात नाही, आणि बाळ कमी वेळा छातीला लागलं की दूध खरंच आटायला लागतं. म्हणून दिवस-रात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजायचं. हुडहुडी भरली असेल आणि बाळाला धरवत नसेल, तर दूध स्वच्छ वाटीत पिळून 4 तासांच्या आत चमच्याने पाजा. बाटली नको. पाणी, मध, गुटी यांतलं काहीच सहा महिने पूर्ण होईपर्यंत नको.

आता गोळ्यांचं. तिला वायव्हॅक्स जातीचा हिवताप निघालाय. त्यावरची क्लोरोक्विन तीन दिवसांत पुरी करायची, ताप उतरला म्हणून मध्येच सोडायची नाही. ती दुधात अगदी थोडी उतरते. तेवढ्याने बाळाला अपाय होत नाही आणि बाळाचा हिवतापापासून बचावही होत नाही. प्रायमाक्विन, म्हणजे यकृतात दडलेले जंतू मारायचं औषध, मात्र आत्ता नको. बाळाला जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असेल तर त्या औषधाने तांबड्या पेशी फुटतात, म्हणून सहा महिन्यांच्या आतलं बाळ अंगावर पीत असताना ते आईला देत नाहीत. आशाताईंना बाळाचं वय आठवणीने सांग. प्रायमाक्विन राहिल्यामुळे वायव्हॅक्सचे जंतू यकृतात दडून राहू शकतात. काही आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा थंडीताप आला तर लगेच रक्त तपासायचं. आणि बाळाला सहा महिने झाले की राहिलेल्या औषधाचं डॉक्टरांना विचारायचं. हे हमखास विसरलं जातं, तेव्हा बाबा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहूनच ठेवा.

बाबा, अंगावर पिणाऱ्या बाळाला हिवताप होत नाही, हे तुमचं म्हणणं अर्धंच खरं आहे. पहिले काही महिने तो कमी होतो. आईच्या प्रतिपिंडांची शिदोरी वारेतून मिळालेली असते, आणि बाळाच्या रक्तातल्या गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनमध्ये जंतू नीट वाढत नाहीत. जंतूला लागणारं पॅरा-अमिनोबेंझोइक आम्ल आईच्या दुधात फार कमी असतं, त्याचाही हातभार लागत असावा. पण ही शिदोरी सहा महिन्यांपर्यंत सरत जाते. आपल्या गडचिरोलीत फाल्सिपेरम जातीचा हिवतापही आहे, आणि तो लहान बाळात फार झपाट्याने बळावतो. दुधाच्या भरवशावर मच्छरदाणी सोडता येणार नाही.

त्यात झोळीची मला जास्त काळजी वाटते. झोळीच्या पातळ कापडाला बाळाची पाठ चिकटलेली असते, डास खालून कापडातूनही चावतो. दिवेलागणीनंतर बाळ झोळीत नको, वहिनीजवळ मच्छरदाणीत हवं. संध्याकाळी अंगणात बसून पाजणंही बंद. मच्छरदाणी चारी बाजूंनी सतरंजीखाली खोचा आणि बाळाचे हातपाय जाळीला टेकू देऊ नका. सरकारी औषधी मच्छरदाणी साध्या साबणाने हलकेच धुवायची आणि सावलीत वाळवायची, उन्हात औषध मरतं. साधारण 20 धुण्यांनंतर किंवा 3 वर्षांनी तिचा जोर संपतो. आपली कधीची आहे, बघा. घरात फवारणी झाल्यावर निदान तीन महिने भिंती सारवू नका. सारवलं की औषध मातीखाली जातं आणि डास भिंतीवर खुशाल बसतो. कडुनिंबाची धुरी आणि कॉइल बाळाच्या खोलीत नको, त्या धुराने छाती भरते.

आई, तान्ह्या बाळाला हिवतापात थंडी वाजेलच असं नाही. काखेत 37.5 अंश सेल्सिअस, म्हणजे 99.5 फॅरनहाइटच्या वर ताप, दूध ओढेनासं होणं, पेंगुळलेलं राहणं, तळहात पांढुरके पडणं, सगळं ओकून टाकणं, झटका येणं, किंवा शांत असताना मिनिटाला 50 किंवा जास्त श्वास, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. नुसता ताप असेल तर आशाताईंकडे बोटाच्या किंवा टाचेच्या रक्ताची तपासणी 15-20 मिनिटांत होते. बाकीचं काही असेल तर तडक दवाखाना गाठा, आणि वाटेतही पाजत राहा.

पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारूनच द्या, आणि बाटलीवरचा आकडा वाचा. बाळ 5 किलोचं आहे, एका वेळी 75 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. 5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ते 3 मिलिलिटर होतात. थेंबांच्या बाटलीत मात्र 1 मिलिलिटरमध्येच 100 मिलिग्रॅम असतं, तिचं पाऊण मिलिलिटरच. सिरपच्या हिशेबाने थेंब दिले तर चौपट औषध पोटात जातं. दोन डोसांत 6 तास हवेतच.

पत्र वहिनीलाही वाचून दाखव. रात्री फोन करते, तोवर मच्छरदाणीला भोकं आहेत का ते उजेडात बघून ठेवा. असतील तर आजच शिवा.

तुमची लेक