शानिद्झ्यांबद्दल मेधाला पत्र

प्रिय मेधा,

सप्रेम नमस्कार.

सध्या मी आकाकी शानिद्झे या जॉर्जियन वैयाकरणाच्या चरित्रात पार गुंतले आहे. तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

त्यांचा जन्म १८८७ चा, इमेरेती प्रांतातला. तेव्हा जॉर्जिया रशियन साम्राज्यात होता आणि तिथे विद्यापीठच नव्हतं. आपलीच भाषा शास्त्रशुद्ध शिकायला त्यांना सेंट पीटर्सबर्ग गाठावं लागलं! १९१८ मध्ये इतिहासकार इव्हाने जावाखिश्विलींच्या पुढाकाराने त्बिलिसीत विद्यापीठ निघालं, त्या संस्थापकांत शानिद्झेही होते. १९२० मध्ये तिथली पहिली डॉक्टरेट त्यांनाच मिळाली. प्रबंधाचा विषय ऐक: क्रियापदाच्या आरंभी येणारे, द्वितीय पुरुषी कर्ता आणि तृतीय पुरुषी कर्म दाखवणारे उपसर्ग. बस, एवढाच. एकेका व्यंजनाचा माग काढत लिहिलेला. पुढच्या दोन-तीन वर्षांतच, खरवडून पुन्हा वापरलेल्या प्राचीन चर्मपत्रांवर मूळ मजकूर सापडला, आणि त्यात हे जुने उपसर्ग ओळीओळीत होते. त्या वाचनातही शानिद्झे होतेच.

तू मराठीतल्या कर्त्याला लागणाऱ्या 'ने' या प्रत्ययावर काम करतेस म्हणून मुद्दाम लिहिते. जॉर्जियनमध्येही 'माणूस पत्र लिहितो' म्हणताना कर्ता प्रथमेत असतो; 'माणसाने पत्र लिहिलं' म्हटलं की त्याला 'मा' हा प्रत्यय लागतो. शिवाय 'लिहिलंय म्हणे' अशा अर्थी तोच कर्ता चतुर्थीत जातो! दोन भाषांचं काही नातं नाही, तरी असं. हे सगळं लॅटिन-रशियन व्याकरणाच्या चौकटीत न कोंबता, क्रियारूपांची भाषेला साजेशी मांडणी त्यांनी केली. १९५३ चा त्यांचा व्याकरणग्रंथ आजही पायाभूत मानतात.

१९६० मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ते दोन सहकाऱ्यांबरोबर जेरुसलेमला गेले आणि तिथल्या क्रॉसच्या मठात महाकवी शोता रुस्तावेलीचं रंगाखाली झाकलं गेलेलं भित्तिचित्र उजेडात आणलं. १४ एप्रिल १९७८ ला, सोव्हिएत जॉर्जियाच्या नव्या घटनेतून जॉर्जियनचा राजभाषेचा दर्जा काढायचं घाटलं तेव्हा, त्बिलिसीतले विद्यार्थी हजारोंनी रस्त्यावर आले आणि दर्जा टिकला. शानिद्झे तेव्हा एक्याण्णव वर्षांचे होते. वयाची शंभरी पूर्ण करून १९८७ मध्ये ते गेले.

मेधा, तू प्रबंध मराठीतूनच लिही. तुझे मार्गदर्शक इंग्रजीचा आग्रह धरतायत, ठाऊक आहे. पण 'ने'चा विचार तू मराठीत करतेस, तर तो मराठीतच मांडलेला मला वाचायचा आहे. पहिलं प्रकरण कच्चं असलं तरी पाठव. काकूंना नमस्कार.

तुझी,
शुभदा