तक्त्यात न मावलेला प्रवास

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी तीन वर्षं एमपीएससी केली, आता क्लासमध्ये पॉलिटी शिकवते. पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये मुलांच्या टेबलासमोर एक तक्ता हमखास चिकटवलेला दिसतो, घटनेत कुठल्या देशाकडून काय घेतलं त्याचा. मूलभूत हक्क अमेरिका, मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंड, कलम २१ (जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) मधली शब्दरचना जपान. तक्ता पाठ होतो, मार्क पडतात, पण घटना म्हणजे सगळी कॉपी-पेस्ट असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर आला की त्याच मुलांना उत्तर देता येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कारण त्या तक्त्यामागचा माणूस कुणी सांगतच नाही. संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव. स्वातंत्र्याला जेमतेम दोन-तीन महिने झालेले, फाळणीची आग अजून विझलेली नाही, आणि हा माणूस घटनेचा पहिला कच्चा मसुदा तयार करून ऑक्टोबर १९४७ मध्ये अमेरिका, कॅनडा, आयर्लंड आणि इंग्लंडला गेला, कशासाठी तर तिथल्या लोकांना विचारायला की तुमची घटना रोज वापरताना कुठे अडते.

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातले न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर त्यांना म्हणाले की आमच्याकडचं 'ड्यू प्रोसेस', म्हणजे कायदा न्याय्य आहे की नाही हे कोर्टाने तपासायचं, ते घेऊ नका, लोकांनी निवडलेल्या सभेचा कायदा मूठभर न्यायाधीशांनी अडवणं लोकशाहीला धरून नाही आणि कोर्टावरही त्याचा नको तेवढा भार येतो. हे ते अनुभवावरून बोलत होते, न्यूयॉर्कमध्ये बेकरी कामगारांचे तास ठरवणारा कायदा तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९०५ मध्ये याच शब्दांच्या आधारावर रद्द केला होता. आपल्याकडे तर कायदे करून जमीनदारी घालवायची होती, ते कायदे कोर्टात असेच अडकले असते, त्यामुळे रावांना ते पटलं, आणि मसुदा समितीने कलम २१ मध्ये 'कायद्याद्वारे प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' हे शब्द घातले.

मला विचाराल तर इथे आपलं नुकसान झालं. १९५० च्या गोपालन केसमध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने त्या शब्दांचा अगदी अरुंद अर्थ लावला, कायद्यात पद्धत लिहिलेली असली की पुरे, आणि कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी हवी हे म्हणायला १९७८ ची मेनका गांधी केस उजाडावी लागली, मधल्या काळात आणीबाणीही येऊन गेली. पण संविधान सभेत तेव्हाच क. मा. मुन्शींसारखे लोक 'ड्यू प्रोसेस' हवंच म्हणून भांडले, आणि ही पोकळी थोडी तरी भरावी म्हणून सप्टेंबर १९४९ मध्ये बाबासाहेबांनी अटक झालेल्या माणसाला २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायची तरतूद आणली. सल्ला विचारला, घेतला, त्यावर भांडण झालं, मग दुरुस्तीही केली. याला कॉपी कसं म्हणायचं?

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात 'मला दिलं जाणारं श्रेय खरं तर काही अंशी रावांचं आहे' असं बाबासाहेबांनी स्वतः सांगितलंय, आणि आमच्या बॅचमधल्या निम्म्या मुलांना राव म्हणजे कोण हेच माहीत नव्हतं.

२६ नोव्हेंबरला शाळाशाळांत उद्देशिका वाचतात ते छानच आहे. त्या दिवशी तुमच्या पुरवणीत या प्रवासावर एक पान द्या अशी कळकळीची विनंती, मी ते कापून वर्गात त्या तक्त्याच्या शेजारी लावीन.

आपली,
एक वाचक, पुणे