साल्सा : पावलांआधी गाणे

मा. संपादक यांस,
सविनय नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत पुण्या-मुंबईतील साल्सा नृत्यवर्गांविषयीचा लेख वाचला. पावले, पोशाख, स्पर्धा आणि वजन घटवण्याचे फायदे यांचा तपशील त्यात भरपूर होता. मात्र ज्या गाण्यांवर हा नाच उभा आहे, त्यांच्या एकाही गायकाचे वा वादकाचे नाव लेखात आले नाही, म्हणून हे पत्र.

वडिलांच्या नोकरीमुळे माझे बालपण १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात गेले. आमच्या इमारतीतील बहुतेक बिऱ्हाडे पोर्तो रिकोतून आलेली होती. आमच्या घरात अभंगांची तबकडी लागलेली असे आणि दार उघडले की जिन्यात ब्राँक्समध्येच वाढलेल्या विली कोलोन यांचा ट्रॉम्बोन (फुंकून वाजवायचे पितळी वाद्य) आणि एक्तोर लावो यांचा आवाज घुमत असे. शेजारच्या मुलाने कठड्यावर पेन्सिल आपटून मला क्लावे शिकवली : आठ मात्रांचे आवर्तन, त्यात पाच ठोके, पहिल्या अर्ध्यात तीन आणि दुसऱ्या अर्ध्यात दोन, पाचांतला दुसरा ठोका मात्रेवर न पडता दोन मात्रांच्या मधोमध पडतो आणि सगळी गंमत तिथेच असते. काँगा व टिंबालेस ही तालवाद्ये, पियानो, बेस ही सारी वाद्ये या ठोक्यांना बांधलेली असतात, मग ते कोणी प्रत्यक्ष वाजवो अथवा न वाजवो. वर्गांत मात्र ‘एक-दोन-तीन, पाच-सहा-सात’ एवढेच घोकून घेतले जाते.

क्युबातील ‘सोन’ या गानप्रकाराच्या पायावर न्यूयॉर्कमधील स्थलांतरितांनी हे संगीत उभे केले. वादक जॉनी पाचेको आणि वकील जेरी मासुची यांनी १९६४ मध्ये ‘फानिया’ ही तबकड्यांची कंपनी काढली, तेव्हा पाचेको स्वतःच्या गाडीतून तबकड्या दुकानोदुकानी पोहोचवत. गायिका सेलिया क्रूझ यांनी १९६० मध्ये क्युबा सोडला आणि दोन वर्षांनी आईच्या अंत्यविधीसाठीही त्यांना मायदेशी परतू दिले गेले नाही. त्यांच्या उसळत्या आवाजावर ठेका धरणाऱ्यांना एवढे तरी ठाऊक असावे.

गाण्याच्या उत्तरार्धात गायक आयत्या वेळी ओळी रचत जातो आणि साथीदार ठरलेले पालुपद परतवत राहतात. कीर्तनात बुवांमागे टाळकरी उभे असतात, तसाच हा प्रकार. म्हणूनच भाषा न कळताही तो मला कधी परका वाटला नाही. शब्द कळू लागल्यावर तर गोडी वाढली. गायक रुबेन ब्लेड्स यांचे १९७८ मधील ‘पेद्रो नावाखा’ हे सात मिनिटांहून मोठे गाणे म्हणजे एक गुंड आणि रस्त्यावर उभी राहणारी एक गरीब बाई यांची कथा आहे. दोघे एकमेकांचा जीव घेतात आणि वाटेने जाणारा दारुडा सुरा, पिस्तूल व पैसे उचलून गात निघून जातो. जर्मन नाटककार ब्रेख्तच्या संगीतिकेतील सुरेबहाद्दराच्या गाण्यावरून ते सुचले होते आणि त्याच संगीतिकेवरून त्याच वर्षी पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ मराठी रंगभूमीवर आले. असा दुवा मराठी वृत्तपत्राच्या नजरेतून सुटावा, याचे (स्पष्टच लिहितो) थोडे वाईट वाटले.

नृत्यवर्गांना माझा विरोध नाही. त्यांच्यामुळे ही गाणी निदान कानावर तरी पडतात. शिक्षकांनी गाणे लावण्यापूर्वी गायकाचे नाव आणि गाण्याचा आशय दोन वाक्यांत सांगावा, एवढीच अपेक्षा आहे. आपणही वादकांवर एखादा लेख द्यावा. १९६१ मध्ये ‘ला पेर्फेक्ता’ हा वाद्यवृंद काढून ट्रम्पेटच्या जागी ट्रॉम्बोन आणणारे पियानोवादक एडी पाल्मिएरी ऑगस्ट २०२५ मध्ये निवर्तले; सुरुवात त्यांच्यापासून करता येईल.

कळावे,
आपला नियमित वाचक,
कोथरूड, पुणे