सर, त्या ‘सूं’साठी आभार

आदरणीय सर,

तुमच्याकडे आलो तेव्हा माझा एकच हट्ट होता, गोल्फमधला माझा ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीचा लांब फटका, लांब गेला पाहिजे. नवा ड्रायव्हर, म्हणजे त्या फटक्याची काठी, घ्यायचं जवळपास ठरलंच होतं. तुम्ही माझ्या जुन्याच ड्रायव्हरच्या फेसवर, चेंडूला लागणाऱ्या बाजूवर, पावडर मारलीत आणि म्हणालात, “दहा मारा.” दहाच्या दहा ठसे हीलकडे, दांड्याजवळच्या कडेला! “हे आधी मधे आणा, मग खरेदीचं बोलू.” मधोमध लागलेला चेंडू क्लबहेडच्या, म्हणजे काठीच्या डोक्याच्या, फार तर दीडपट वेगाने सुटतो आणि फेसच्या उसळीवर नियमांचीच मर्यादा आहे, हे तेव्हा कळलं. माझे पैसे वाचले, त्याचे आभार वेगळे.

पण हे पत्र खरं तर त्या ‘सूं’साठी आहे. तुम्ही ड्रायव्हर उलटा धरायला लावलात, हेडजवळ शाफ्ट (दांडा) पकडून, आणि नुसता हवेत फिरवायला सांगितलात. “आवाज कुठे येतो ते ऐका.” माझा आवाज उजव्या खांद्यापाशीच येऊन विरायचा. म्हणजे चेंडूपाशी पोचेपर्यंत सगळा वेग उधळून मोकळा! जोर लावायच्या नादात मी मनगटं वरच सोडून देत होतो. “उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग,” तुम्ही माझ्या हातांकडे बघत म्हणालात. मला राग आला होता, आज कबूल करतो.

मग दोन आठवडे चेंडूच नाही. आधी वजन डाव्या पायावर, मग कंबर वळते, तिच्यामागून खांदे, मग हात, आणि क्लब सगळ्यांत शेवटी. सांगायला दोन ओळी, अंगात उतरायला तोंडाला फेस. बॅकस्विंग, म्हणजे काठी मागे नेणं, पूर्ण व्हायच्या आतच कंबर डावीकडे निघायला हवी, हे तर मला कित्येक दिवस खोटंच वाटत होतं. ग्रिप सैल केली तेव्हा क्लब हातातून उडेल अशी भीती वाटायची. उडाला नाही. एका संध्याकाळी मात्र ‘सूं’ खाली, डाव्या पायापुढे ऐकू आला आणि तुम्ही काही न बोलता टी, चेंडू ठेवायची छोटी खुंटी, जमिनीत खोचलीत.

चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत, टी एवढी उंच की अर्धा चेंडू ड्रायव्हरच्या वर दिसावा, उजवा खांदा किंचित खाली. म्हणजे क्लब वर चढताना लागतो आणि फिरकी कमी होते. हे एका दिवसात जमलं. चेंडू फेसला टेकतो तो जेमतेम अर्धा मिलिसेकंद, तेव्हा त्या क्षणी जोर लावू म्हणणं किती हास्यास्पद होतं, तेही उमगलं.

आता वीसेक यार्ड जास्त जातो. बरोबरचा कुणी लांब मारून गेला की माझा ‘सूं’ अजूनही खांद्याकडे सरकतो. तो ऐकवायला पुढच्या आठवड्यात येतोय. ड्रायव्हर जुनाच आहे.

तुमचा,
उतावळा विद्यार्थी