प्रोस्टेटचा ‘बिनटाक्याचा’ उपचार घेण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘चिरफाड नाही, टाका नाही, दुसऱ्या दिवशी घरी’ अशा प्रोस्टेट कर्करोगाच्या उपचारांच्या जाहिराती आता तालुक्याच्या बसस्थानकापर्यंत पोचल्या आहेत. उपचार खरे आहेत. पण ते कोणाला लागू पडतात हे जाहिरातीत नसतं, आणि त्यासाठी शेत गहाण टाकायला निघालेल्या घराला नेमकं तेच आधी कळायला हवं.

या उपचारांत पूर्ण प्रोस्टेट ग्रंथी (पुरुषांच्या मूत्राशयाखालची) न काढता फक्त गाठ आणि तिच्या भोवतीचा किमान ५ मिलिमीटरचा काठ नष्ट करतात. एमआरआयमध्ये गाठ खऱ्यापेक्षा लहान दिसते, म्हणून तो काठ. हायफूमध्ये गुदद्वारातून घातलेल्या यंत्राच्या ध्वनिलहरींनी गाठ भाजली जाते. क्रायोमध्ये अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेतून सुया घालून उणे ४० अंशांपर्यंत गोठवतात, वितळू देतात आणि पुन्हा गोठवतात. तिसऱ्या प्रकारात सुयांमधून विजेचे अगदी क्षणभराचे झटके देतात. कोणतं यंत्र हा प्रश्न खरं तर शेवटचा. ग्रंथी फार मोठी असेल, गाठ पुढच्या बाजूला असेल किंवा मध्ये खडे असतील, तर हायफूच्या लहरी तिथपर्यंत पोचतच नाहीत. गाठ ग्रंथीच्या खालच्या टोकाशी असेल तर लघवी रोखणारा स्नायू जवळ असतो आणि कोणत्याही यंत्राने त्याला इजा होऊ शकते.

हा उपचार मधल्या गटासाठी आहे. बायोप्सीच्या अहवालात ग्लीसन (कर्करोगाच्या पेशी किती आक्रमक दिसतात तो आकडा) ३+३ म्हणजे ६ असेल, तर बहुतेकांना उपचाराची घाईच नसते, नियमित तपासणी पुरते. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट या मोठ्या अभ्यासाचे १५ वर्षांचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. देखरेख, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन, तिन्ही गटांत या कर्करोगाने दगावलेले सुमारे ३ टक्केच होते. तरीही ग्लीसन ६ वाल्यालाच हा उपचार सहज गळ्यात मारता येतो, कारण तो घाबरलेला असतो. उलट ग्लीसन ८ किंवा त्याहून जास्त असेल, किंवा रोग ग्रंथीबाहेर गेला असेल, तर फक्त गाठ जाळून भागत नाही. एमआरआयमध्ये स्पष्ट दिसणारी एकच गाठ, ग्लीसन ३+४ आणि फार वाढलेला नसलेला पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाचा आकडा), अशाच रुग्णासाठी हा पर्याय विचारात घ्यावा. युरोपातल्या मूत्रविकारतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनाही हा उपचार अभ्यासाचा भाग म्हणून, नोंद ठेवूनच करा असं सांगतात, कारण दीर्घकाळाचा पुरावा अजून तोकडा आहे.

आपल्याकडे गाडी बहुतेक वेळा सुरुवातीलाच घसरते. लघवीत जंतुसंसर्ग असताना किंवा लघवी तुंबून नळी घातल्यावर पीएसए वाढतोच. संसर्ग बरा झाल्यावर सुमारे सहा आठवड्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये, तो पुन्हा करावा. याच्या उलटही होतं. प्रोस्टेटच्या गोळीच्या पाकिटावर टॅमसुलोसिनच्या शेजारी ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड लिहिलंय का ते बघा. ही गोळी सहा महिन्यांहून जास्त चालू असेल तर पीएसए जवळपास निम्मा होतो. अहवालात ३ आला तर तो ६ धरायचा. हे न सांगितल्यामुळे ‘नॉर्मल’ म्हणून परत पाठवलेले रुग्ण दोन वर्षांनी हाडांच्या दुखण्याने येतात.

पीएसए खरोखर वाढलेला असेल तर आधी प्रोस्टेटचा एमआरआय, मग बायोप्सी. हा क्रम उलटा झाला की बायोप्सीचं रक्त ग्रंथीत साकळतं, चित्र गढूळ होतं आणि पुढे किमान सहा ते आठ आठवडे थांबावं लागतं. अहवालात पाय-रॅड्सचा आकडा (एमआरआयवरून कर्करोगाचा संशय किती, १ ते ५) आणि ग्रंथीचं आकारमान लिहिलेलं हवं. आकारमान का? पीएसए ६ आणि ग्रंथी ६० मिलिलिटर असेल तर भागाकार ०.१०. ग्रंथी ३० ची असेल तर ०.२०. संशय ०.१५ च्या वर वाढतो. बायोप्सीत गाठीतून नेमके तुकडे घ्यावेत आणि दोन्ही बाजूंच्या बाकीच्या ग्रंथीतूनही, कारण हा रोग पुष्कळदा एकाहून जास्त ठिकाणी असतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा, स्वतःहून बंद करू नका.

उपचारानंतर ग्रंथी सुजते, म्हणून काही दिवस ते दोन आठवडे नळी राहते. पिशवी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता ठेवा. नळी आतून फुग्याने अडकलेली असते, ओढली तर रक्तस्राव होतो. लघवी थांबली, रक्ताच्या गाठी येऊन नळी तुंबली किंवा थंडी वाजून ताप आला, तर रात्र काढू नका, त्याच वेळी जवळचं रुग्णालय गाठा. लैंगिक दुर्बलता शस्त्रक्रियेपेक्षा कमी आढळते, पण मधुमेह असेल तर आधीच मोकळेपणाने विचारा.

पीएसए शून्यावर येत नाही, हे गावच्या डॉक्टरांनाही सांगावं लागतं. निम्मीअधिक ग्रंथी आतच असते. आकडा खाली येऊन स्थिर राहिला पाहिजे. तो वर चढू लागला तर शोध घ्यायचा. दर तीन ते सहा महिन्यांनी पीएसए, वर्षाच्या आत एमआरआय आणि पीएसए चांगला असला तरी वर्षाने पुन्हा बायोप्सी. सिरोंचा किंवा धारणीच्या माणसाचा नागपूरला जाण्यात अख्खा दिवस जातो, आणि ही तारीख कापूस वेचणीत आली की ती चुकतेच. जो येऊ शकणार नाही त्याने हा उपचार घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याच्यासाठी शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन बरं.

पैसे भरण्याआधी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून लेखी घ्या. एमआरआयची सीडी, बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. दुसरं मत त्यांवरच मिळतं, नुसत्या कागदी अहवालावर नाही. आणि शासनाला विनंती, की यवतमाळ, अकोला, चंद्रपूर आणि गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आठवड्यातला एक दिवस बायोप्सीआधीच्या प्रोस्टेट एमआरआयसाठी राखून ठेवावा.

आपले,
मूत्रविकार व कर्करोग उपचारात काम करणारे काही डॉक्टर, विदर्भ