आमच्या धक्क्याला कुलूप लागलं : बंदरे मंत्र्यांना खुले पत्र

मा. बंदरे मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

मी कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावात मासळी विकते. आमच्या मच्छीमार सहकारी सोसायटीची सभासद आहे. सोसायटीच्या लेटरहेडवर तीन अर्ज गेले, एकाचीही पोच आली नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मे महिन्यात, पावसाळी बंदीला आठ दिवस उरले असताना, पहाटे साडेचारला आमची होडी लागली. धक्क्याच्या फाटकाला कुलूप. रखवालदार म्हणाला, पास दाखवा. पास ऑफिसात मिळतो आणि ऑफिस उघडतं दहाला. बांगडा दहापर्यंत थांबतो का साहेब? माझ्या सासूबाई टोपली घेऊन बाजूच्या दगडांवरून चढायला गेल्या आणि शेवाळावरून घसरल्या. उजवं मनगट मोडलं. वय बासष्ट. चाळीस वर्षं त्या हाताने त्यांनी मासळी कापली, त्यावर माझ्या नवऱ्याचं आणि दोन नणंदांचं शिक्षण झालं. आता मी त्यांना घास भरवते. जेवताना रोज एकच विचारतात, "आपल्या धक्क्यावर आपल्याला पास कशाला गं?"

हे बंदर चालवायला पहिली कंपनी आली तेव्हा तिच्या साहेबांनी शाळेच्या पटांगणात भरसभेत शब्द दिला होता की मच्छीमारांची वाट कधी अडणार नाही. पुढे कंपनी विकली गेली, मग पुन्हा विकली गेली. फाटकावरची पाटी तीनदा बदलली. आता म्हणे मालक एक गुंतवणूक फंड आहे. मॅनेजर सांगतो, आमच्या कागदात तसं काही नाही. खरंच नसेल. धक्का, क्रेन, जमीन सगळं सौद्यात मोजलं गेलं, गावाला दिलेला शब्द कोणी लिहूनच घेतला नाही.

हे फक्त आमचंच नाही. विशाखापट्टणमजवळच्या गंगावरम बंदरात वॉरबर्ग पिंकस या फंडाचे ३१.५ टक्के होते. २०२१ मध्ये ते १,९५४ कोटींना अदानी समूहाला विकून फंड बाहेर पडला. आंध्र सरकारनेही आपले १०.४ टक्के ६४५ कोटींना देऊन टाकले. त्या बंदरासाठी किनारा सोडलेल्या मच्छीमारांना या सौद्यात कोणी विचारलं? फंड येतो तोच कधी विकायचं ते ठरवून. आम्हाला कुठे बाहेर पडायचं आहे? आमची नातवंडं याच खाडीत उतरणार आहेत.

आणि सरकार तरी काय करतं? मुंबईचं बंदर १८७३ पासून पोर्ट ट्रस्ट होतं. ट्रस्ट म्हणजे विश्वस्त, लोकांची वस्तू लोकांसाठी सांभाळणारा. २०२१ च्या कायद्याने ट्रस्टचं प्राधिकरण झालं. न्हावाशेव्याला बंदर स्वतः चालवत असलेलं टर्मिनलही २०२२ मध्ये तीस वर्षांसाठी खासगी हातात गेलं. रस्ते द्या, विमानतळ द्या, बंदरं द्या! आमच्या बापजाद्यांच्या करातून उभं राहिलेलं सगळं देऊन झालं की आमच्यासाठी काय उरणार?

धक्का सोसायटीकडे द्या म्हटलं की तुमचे अधिकारी म्हणतात, सोसायटीला हे झेपणार नाही. साहेब, आमची सोसायटी बर्फ देते, डिझेल देते, रोजचा लिलाव चालवते. कर्जाचा हप्ता चुकला तर दारात जाऊन बसते. रॉटरडॅमचं अवाढव्य बंदर आजही त्या शहराच्या आणि डच सरकारच्या मालकीचं आहे. इंग्लंडमध्ये डोव्हरचं बंदर विकायला काढलं तेव्हा तिथले लोक उभे राहिले, बंदर आमच्या मालकीचं करा म्हणाले, आणि २०१२ मध्ये सरकारने ती विक्री नाकारली. तिथल्या लोकांना जमतं, मग कोकणातल्या बाईने बोललं की तो विकासाला विरोध कसा होतो?

मोठी बंदरं बांधू नका असं मी म्हणत नाही. आमचा मासळीचा धक्का आणि तिथवरची वाट सोसायटीच्या नावावर करा. यापुढे कंपनी हात बदलणार असेल तर आधी ग्रामसभेला विचारा, आणि मच्छीमारांचा हक्क करारात लिहा, म्हणजे मालक बदलला तरी तो पुसला जाणार नाही. सासूबाईंच्या दवाखान्याचा खर्च मी मागत नाही, तो आम्ही दागिना मोडून भागवला.

नारळी पौर्णिमेला आम्ही नारळ घेऊन त्याच धक्क्यावर जातो. त्या दिवशी फाटक उघडं असेल का, एवढं त्याआधी लेखी कळवा.

आपली,
एक मासळी विक्रेती