सेवा-सहलीचे बुकिंग करण्याआधी शाळेचे कॅलेंडर मागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एका खास सहलीची पत्रके फिरू लागतात. नेपाळला किंवा केनियाला पंधरा दिवस जा, सकाळी गरीब मुलांना शिकवा, दुपारनंतर भटका. बारावी झालेली मुले, निवृत्त शिक्षक, बँकेतून लवकर बाहेर पडलेली मंडळी हौसेने चौकशी करतात. हौसेला आमची ना नाही. पण पत्रकात हॉटेल आणि नाश्ता तपशीलवार, आणि शाळेविषयी मात्र एक हसरा फोटो! त्या फोटोमागचा तपशील कसा मागून घ्यावा, एवढ्यापुरतेच हे पत्र.

सर्वांत आधी विचारायच्या त्या तारखा. पैशांचे नंतर. नेपाळचे शैक्षणिक वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर सुरू होते. मे महिन्यात वर्ग नुकते बसलेले असतात, कोणते मूल कुठे अडले आहे हे तपासायला तेव्हाचीच वेळ चांगली. दिवाळीच्या सुमारास गेलात तर दशैं-तिहारची, म्हणजे तिथल्या दसरा-दिवाळीची, सुट्टी आणि शाळेला कुलूप. केनियात वर्ष जानेवारीत सुरू होते, तीन सत्रे असतात आणि ऑगस्टमध्ये व वर्षाअखेर मोठ्या सुट्ट्या येतात. या काळातही सहल विकली जात असेल तर शिकवायचे कोणाला? एक तर आजूबाजूची पोरे गोळा करून बसवलेला वर्ग, नाहीतर अनाथाश्रम. अनाथाश्रमाला सुट्टी नसते.

अनाथाश्रम हा शब्द पत्रकात दिसला की ती सहल सोडून द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत अशा संस्थांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली, आणि त्यांतल्या चारपैकी जवळपास तीन मुलांचे आई किंवा वडील हयात होते, असे युनिसेफच्या सहभागाने झालेल्या २०११ च्या पाहणीत आढळले. नेपाळमधली बहुतेक बालगृहे काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन याच जिल्ह्यांत एकवटली आहेत. कास्की म्हणजे पोखरा, चितवन म्हणजे गेंड्यांचे अभयारण्य. पोरकी मुले नेमकी पर्यटकांच्याच वाटेवर कशी जन्मतात? ‘शहरात शिकवतो’ असे सांगून दूरच्या खेड्यातून मूल आणले जाते आणि पाहुण्याच्या देणगीवर संस्था चालते. शिवाय दर पंधरवड्याला नवा ताई-दादा येतो, लळा लावतो आणि निघून जातो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१९ च्या बालहक्क ठरावात अशा स्वयंसेवेतून होणाऱ्या हानीची दखल घेतली आहे. आपल्याकडेही २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार नोंदणीशिवाय बालगृह चालवणे गुन्हा आहे. तेव्हा जायचे ते रीतसर भरणाऱ्या शाळेतच.

शाळा खरी असली तरी घोटाळा संपत नाही. लिपी देवनागरी म्हणून मराठी माणसाला नेपाळ सोपे वाटते. आपण फळ्यावर पाकळीचा ल आणि देठाचा श काढतो. तिथल्या पुस्तकात ल दंडाचा, झ तर वेगळ्याच वळणाचा, ५ आणि ८ सारखे आकडेही निराळे, आणि ळ नाहीच. पहिलीतले पोर आठवडाभर आपला ल गिरवते, आपण परतलो की तिथल्या बाई तो पुसत बसतात. म्हणून तिथले पहिलीचे पाठ्यपुस्तक आधी मागवावे, त्यातली अक्षरे दुरेघी वहीत घटवावीत, मगच खडू हातात घ्यावा. आणि नेपाळी तरी सगळ्या मुलांची घरची भाषा कुठे आहे? कुणाची तामाङ, कुणाची थारू, कुणाची मैथिली.

मग पाहुण्याने करायचे काय? वर्ग ताब्यात घेऊ नये, हे पहिले. १९९५ साली मुंबईच्या वस्त्यांत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या शिक्षणसंस्थेची पद्धत आता झांबियातल्या सरकारी शाळांतही वापरतात, त्यातली वाचनचाचणी कोणालाही शिकता येते. एका कागदावर अक्षरे, सोपे शब्द, चार ओळींचा परिच्छेद आणि छोटी गोष्ट. मुलाला एकट्याला बाजूला बसवायचे, नाहीतर शेजारचा उत्तर पुरवतो. सुरुवात परिच्छेदापासून. अडखळत, शब्द सुटे सुटे करत वाचले किंवा तीनपेक्षा जास्त चुका झाल्या तर शब्दांवर यायचे; पाचांपैकी चारपेक्षा कमी शब्द जमले तर अक्षरांवर. जमला परिच्छेद, तर गोष्ट. मजकूर पाठ्यपुस्तकातला नको, तो मुलांना पाठ असतो आणि चाचणी फसते. एका मुलाला तीन मिनिटे धरली तर तीस मुलांना दीड तास. ऐकायचे काम तिथल्या शिक्षकाचे, नोंदीचे आपले. मग इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट करायचे आणि रोज दीड-दोन तास त्या त्या गटाला त्याच्या पायरीपासून शिकवायचे. नोंदींच्या तक्त्याची एक प्रत शाळेत ठेवून यावी, म्हणजे पुढच्या पाहुण्याला पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागत नाही.

गणिताला भाषा कमी लागते. खराट्याच्या हिरांचे वीतभर तुकडे करावेत, टोके घासून बोथट करावीत. पाच मुलांच्या गटाला १०० काड्या, म्हणजे तीस मुलांना ६००. दहाची जुडी दोऱ्याने बांधावी. रबरबँड दमट हवेत चिकटतात आणि तुटतात. चुकांनाही कारण असते. स्वाहिलीत पस्तीसला ‘थेलाथिनी ना तानो’, तीस आणि पाच, म्हणतात. केनियातले मूल ३०५ लिहून मोकळे होते. मराठीत पस्तीस म्हणताना पाच आधी ऐकू येतो, म्हणून आपले मूल ५३ लिहिते. तीन जुड्या आणि पाच सुट्या काड्या समोर मांडल्या की दोघांचीही चूक त्यांची त्यांनाच दिसते.

कागदपत्रांचे थोडक्यात. नेपाळसाठी भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवे. १५ ते ६५ वयोगटाला आधार चालत नाही. केनियात पर्यटनाच्या परवानगीवर शिकवायचे काम करू नये, त्यासाठीचा पास तिथल्या यजमान संस्थेला काढायला सांगावे. केनियासाठी लागणारी पीतज्वराची लस ठरावीक केंद्रांवरच मिळते आणि ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. लसीच्या प्रमाणपत्राशिवाय परतलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात. पर्यटनासाठी जाणाऱ्याला पासपोर्ट कार्यालय पोलीस क्लिअरन्स देत नाही, तेव्हा आपल्या पोलीस आयुक्तालयाकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यावी. जी संस्था हा कागद मागतच नाही, ती मुलांपाशी कोणालाही सोडते, असा त्याचा अर्थ.

आणि ज्यांना पासपोर्टच्या भानगडीत पडायचे नाही, त्यांच्यासाठी कसारा लोकल आहेच. आसनगावला उतरले की शहापूर तालुका. मे महिन्यात तिथली झेडपीची शाळा बंद असते, पण उचल घेतलेल्या कातकरी कुटुंबांची मुले पाऊस पडेपर्यंत वीटभट्टीवरच असतात. गावच्या मुख्याध्यापकांकडून त्यांचे शिक्षण हमी कार्ड मिळवून दिले तर शाळा सुरू असताना त्यांना भट्टीजवळच्या शाळेत बसायला अडचण येत नाही. काड्यांच्या जुड्या तिथेही लागतात.

आपल्या पर्यटन पुरवणीत अशा सहलींची माहिती येते. तिच्यासोबत शाळेचे नाव, त्या पंधरवड्यातले कामाचे दिवस आणि भरलेल्या रकमेतून शाळेला मिळणारा वाटा, एवढे तीन तपशील छापण्याचा आग्रह आपण धरावा, ही विनंती.

आपले,
काही निवृत्त प्राथमिक शिक्षक व स्वयंसेवक,
ठाणे आणि ऐरोली